विहिरीतून निघालेलं घर

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता बाबांचा फोन आला. "जोतं खोलून राह्यलो. गोटे घ्याले माणूस तयार आहे, ट्रॉलीच्या भावानं. तुले काही पाहिजे असन तं सांग."

आमच्याकडे दगडाला गोटा म्हणतात. आमच्याकडे म्हणजे शेलूबाजारला. तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशीम. पूर्वी हे नाव सांगितलं की नागपूर–औरंगाबाद जुन्या रस्त्यावर कारंजा आणि मालेगावच्या मधे असा पत्ता द्यावा लागायचा. आता समृद्धी महामार्गावर आमच्या नावाची भलीमोठी पाटी लागली आहे. ताशी १२० किलोमीटरने जाणारी माणसं ती वाचतात आणि पुढे जातात. मीही पुण्याहून घरी जाताना गाव आल्याचं त्या पाटीवरूनच ओळखतो.

जुनं घर पाडायचं हे ठरलेलंच होतं. माळवदाला गळती, भिंतीत पाली, लाकडाला वाळवी. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण जोत्याचे दगड ट्रॉलीत भरून क्रशरवर जाणार, त्यांची गिट्टी होणार आणि ती कुठल्या तरी रस्त्यात जाणार, हे ऐकल्यावर मी बाबांना म्हणालो, "दिवाळीपर्यंत थांबा." का, ते मला नीट सांगता आलं नाही. बाबांनी कारण विचारलं नाही, हे बरं झालं.

कारण खरं तर फोनच्या महिनाभर आधीचं होतं. मुंबईला कामासाठी गेलो असताना एका रविवारी फोर्ट भागातल्या दगडांच्या फेरीला गेलो होतो. पंधरा-वीस माणसं, एक भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि चष्म्याएवढं भिंग. इमारत कोणी बांधली, कोणत्या शैलीत बांधली, हे ते सांगतच नव्हते. भिंतीला नाक लावून दगड बघायला लावत होते. राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला, तो कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा. व्हीटी स्टेशन १८८८ साली पूर्ण झालं, त्याच्या अंगावरचा पिवळेपणा मालाडच्या दगडाचा. तो ट्रॅकाइट, बसॉल्टचाच दूरचा भाऊ. नक्षीच्या जागी पोरबंदरचा चुनखडक, कारण तो चाकूने पनीर कापावं तसा कापता येतो. त्यात भिंगातून पाहिलं तर समुद्री जीवांच्या बारीक कवचांचा चुरा दिसतो. उच्च न्यायालयाच्या आसपास उभं राहून आम्ही सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरची वाळू बघत होतो. लंडनमध्ये एरिक रॉबिन्सन नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात अशा फेऱ्या लोकप्रिय केल्या. बँकांच्या दर्शनी भिंती आणि कबरींचे दगड दाखवत तो लोकांना शहरभर हिंडवायचा. डोंगरावर जायची गरज नाही, खडक शहरात चालत आलेले आहेत, एवढीच त्यामागची कल्पना.

फेरी संपताना प्राध्यापकांनी विचारलं, तुमच्या गावचं घर कोणत्या दगडाचं? मी म्हणालो, काळ्या. ते हसले. "महाराष्ट्रात सगळेच काळ्या म्हणतात. कुठला काळा?"

हा प्रश्न घेऊन मी घरी गेलो. चुलतभावाला फोनवर म्हणालो होतो की दिवाळीत आपण गावात दगडफेरी काढू. त्याला 'दगडफेक' ऐकू आलं. दोन दिवस त्याने कोणाला काही सांगितलं नाही, मग घाबरत घाबरत विचारलं, "कोणावर?"

जाण्याआधी थोडं वाचलं. सॉफ्टवेअरवाल्याची सवय, कोड उघडण्याआधी जुना इतिहास चाळायचा. तिथे एक गोष्ट कळली जिने मी चकित झालो. दगड बघत पायी फिरण्याचा विदर्भातला छंद मुळीच नवा नाही.

'डेक्कन ट्रॅप' हे आपल्या खडकाचं नाव. त्यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेत 'ट्रापा' म्हणजे पायरी, त्यावरून तो शब्द आला. सह्याद्रीकडे किंवा अजिंठ्याच्या डोंगरांकडे लांबून बघितलं तर डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो, म्हणून हे नाव. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत हिंडणाऱ्या कर्नल साइक्सने १८३३च्या आपल्या निबंधात या पायऱ्यांचं वर्णन केलं. आपल्या पूर्वेकडच्या भागाचं काम मद्रास लष्करातल्या एका डॉक्टरने केलं. जॉन ग्रँट माल्कमसन त्याचं नाव. १८३७ मध्ये त्याने लंडनच्या भूशास्त्र संस्थेपुढे निबंध वाचला आणि या काळ्या खडकाच्या थरांच्या मधे गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे अवशेष सापडतात असं दाखवून दिलं. याचा अर्थ फार मोठा होता. लाव्हा एकदम आलेला नाही. एक प्रवाह आला, थंड झाला, त्याच्यावर माती तयार झाली, तळी साचली, तळ्यात गोगलगायी राहिल्या, काठाला झाडं उगवली, आणि मग पुढचा प्रवाह त्या सगळ्यावर आला. आमच्या धंद्यात जुनी नोंद पुसायची नसते, नवी तिच्याखाली जोडायची असते. इथे नवी नोंद वर चढते, एवढाच फरक.

नागपूरला १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी आला. त्याच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे, त्यामुळे विदर्भातल्या प्रत्येकाने हे नाव ऐकलेलं असतं. कॉलेजात शिकलेल्यांनाही तो दगड गोळा करत फिरायचा हे ठाऊक असतंच असं नाही. दोन वर्षांनी रॉबर्ट हंटर हा त्याचा सहकारी येऊन मिळाला. १८५१ साली दोघे नागपूरच्या पश्चिमेला टाकळीकडे फिरायला गेले असताना झिजलेल्या खडकात त्यांना एक लहानसा शिंपला दिसला. फायसा, म्हणजे माल्कमसनला सापडली होती त्याच जातकुळीतली गोगलगाय. मग ते पुन्हा पुन्हा तिथे जात राहिले. गोगलगायींबरोबर फळं, बिया, माशांचे अवशेष, कीटकांचे पंख निघाले. १८५५ मध्ये दोघांचा नागपूरच्या परिसरातल्या जीवाश्मांवरचा निबंध लंडनला छापून आला आणि टाकळी हे नाव जगाच्या भूशास्त्रात गेलं. आज ती टाकळी नागपूर शहराच्या पोटात आहे.

हिस्लॉपचा शेवटही दगडांपायीच झाला. ४ सप्टेंबर १८६३. बोरीजवळच्या टाकळघाटला जुनी शिळावर्तुळं आहेत. लोहयुगातल्या माणसांनी मृतांसाठी रचलेली धोंड्यांची वर्तुळं. मध्य प्रांताचे अधिकारी रिचर्ड टेम्पल यांच्या मंडळींबरोबर ती बघून संध्याकाळी तो घोड्यावरून परत निघाला. नाल्याला पूर आला होता. त्यात तो बुडाला. वय ४५. त्याचे कागद टेम्पलनेच पुढे १८६६ मध्ये छापले. विदर्भातल्या नाल्यांचा पूर ज्याने पाहिलाय त्याला हे वाचताना काय वाटतं, ते सांगायला नको. सकाळी पाय न भिजता ओलांडलेला नाला संध्याकाळी माणूस नेतो.

दिवाळीत आम्ही आधी गाडीने एक फेरी केली. मी, चुलतभाऊ आणि शाळेतले माझे जुने भूगोलाचे सर. बाळापूरपासून सुरुवात करायची हा सरांचा हट्ट. त्यांचं म्हणणं, उतारावरून बघितल्याशिवाय चढ कळत नाही.

वऱ्हाडाचे जुने दोन भाग आहेत, पायनघाट आणि बालाघाट. पायनघाट म्हणजे घाटाखालचं पूर्णा नदीचं सपाट खोरं, बालाघाट म्हणजे वरचं पठार, ज्यावर वाशीम जिल्हा बसलेला आहे. पूर्णेच्या खोऱ्यात नदीने आणलेल्या गाळाचा थर काही ठिकाणी शंभराहून जास्त मीटर जाड आहे. खडक खाली आहेच, पण तो कोण काढणार? बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या बेचक्यात उभा आहे, आणि तो विटांचा आहे. दख्खनी माणसाला किल्ला म्हटलं की काळा दगड डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे ती लालसर उंच बुरुजांची रांग बघताना चुकल्यासारखं वाटतं. वीट उत्तम भाजलेली आहे, आजही कोपरे शाबूत. किल्ला १७५७ साली एलिचपूरच्या इस्माईलखानाच्या वेळी पूर्ण झाला. (तो औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने १७२१ मध्ये सुरू केला असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं आढळतं. आझमशहा १७०७ मध्येच जाजऊच्या लढाईत मारला गेला होता. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी कॉपी-पेस्ट केलं. हा रोग फक्त आमच्या धंद्यात नाही.) त्याच गावात नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगाच्या नावाची छत्री आहे, ती मात्र दगडी. म्हणजे दगड आणता येत होता. पण राजाच्या छत्रीपुरता. किल्ल्यासाठी पायाखालची मातीच भाजावी लागली.

सर किल्ल्याच्या तटाला हात लावून म्हणाले, "हा किल्ला म्हणजे भाजलेली पूर्णा." परीक्षेत असं लिहिलं असतं तर त्यांनीच अर्धा मार्क कापला असता.

तिथून वर चढताना पातूरला डोंगराची कड लागते. तिथे जमीन बदलते आणि लगेच, अगदी पहिल्या उघड्या कातळातच, माणसाने खोदलेली लेणी आहेत. खडक हाताशी आला की माणूस त्यात शिरलाच. अजिंठ्याची दुसऱ्या टप्प्यातली लेणी कोरली गेली ती वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात. त्याची शाखा वत्सगुल्मची, म्हणजे आमच्या वाशीमची. सोळाव्या लेण्यातला लेख त्याचा मंत्री वराहदेव याचा आहे. वाशीमला त्या राजवटीचा एकही वाडा उभा नाही. जे त्यांनी डोंगरात कोरलं तेवढं राहिलं. या लेण्यांना जागा निवडताना दोन प्रवाहांमधला भुसभुशीत थर टाळून मधला जाड, एकसंध दगड बघावा लागतो. निवडणाऱ्यांना लाव्हा माहीत नव्हता. दगडावर घण मारल्यावर तो खणखणीत वाजतो की बद्द, हे माहीत होतं.

बार्शीटाकळीला मात्र आम्ही दोन तास रेंगाळलो. तिथलं देवीचं देऊळ सगळा अकोला जिल्हा 'हेमाडपंती' म्हणून ओळखतो. चुना नाही, दगडावर दगड खाचेत बसवलेला, वजनावर उभा. त्यावर शके १०९८चा, म्हणजे इसवी सन ११७६चा लेख आहे. आता हेमाद्री पंडित, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो, तो यादव राजा महादेव (१२६१–१२७१) आणि नंतर रामचंद्र यांच्या दरबारात मंत्री होता. म्हणजे हे देऊळ हेमाडपंत मंत्री होण्याच्या निदान ८५ वर्षं आधीचं. महाराष्ट्रात कुठेही चुन्याशिवाय रचलेलं काळं देऊळ दिसलं की आपण ते त्याच्या खात्यावर जमा करतो. मोडी लिपीही त्याच्याच नावावर आहे. एवढी कामं एका माणसाने केली असतील तर त्याला झोप कधी मिळायची कोण जाणे. मला त्यापेक्षा त्या अनामिक पाथरवटांचं कौतुक वाटतं. बसॉल्ट हा कोरायला अतिशय कडवा दगड. राजस्थानातल्या वाळूच्या दगडात जे काम आठवड्यात होईल त्याला इथे महिना जाणार. म्हणूनच आपल्याकडच्या देवळांची नक्षी बेतशीर असते आणि सगळा जोर खांबांच्या कडांवर, आडव्या पट्ट्यांच्या सावल्यांवर असतो. नक्षी कमी म्हणजे कलावंत कमी असं नव्हे. टाकी लवकर बोथट होते.

येताना भाऊ म्हणाला, लोणारला का नाही गेलो? आमच्या भागात दगडांबद्दल बोलायला लागलं की कोणीतरी लोणार काढतंच. ते बरोबरही आहे. याच काळ्या खडकात आकाशातून आलेल्या दगडाने पाडलेला पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा, जगात बसॉल्टमध्ये असा दुसरा शोधायला कष्ट पडतील. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढची दीडशे वर्षं बहुतेक तज्ज्ञ तो ज्वालामुखीचाच समजत होते, कारण सगळा मुलूखच लाव्ह्याचा. १९७३ मध्ये छिद्रं पाडून काढलेल्या नमुन्यांत आघाताने काच झालेली खनिजं सापडली तेव्हा प्रश्न मिटला. वयाचा अजून मिटलेला नाही. एका पद्धतीने ५२ हजार वर्षं येतात, दुसरीने ५ लाख ७० हजार. पण लोणारबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ज्या दगडांवर काहीच आकाशातून पडलं नाही त्यांच्याबद्दल बोलायचं होतं.

तर दगडफेरी. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही अकराजण जमलो. त्यातले चारजण दहावीच्या आतले, एकजण ज्याला जोत्याचे दगड विकायचे होते तो ट्रॅक्टरवाला. तो चुकून आला होता, दगड मोजायला. शेजारच्या काकांनी ओट्यावरून विचारलं, "गोटे पाह्याले लोक पैसे देतेत म्हणे ममईत?" मी म्हटलं देतात. त्यावर त्यांनी जो चेहरा केला तो मुंबईने आमच्याकडे पुष्कळदा कमावलेला आहे.

मी भिंग आणलं होतं. पण पहिल्या अर्ध्या तासातच लक्षात आलं की मार्गदर्शक मी नाहीच. बाजाराच्या कडेला एक म्हातारी बाई पाटे-वरवंटे, खल आणि जाती मांडून बसतात. मिक्सर आल्यावर खप गेला, तरी लग्नात हळद दळायला जातं लागतं म्हणून थोडा टिकून आहे. पूर्वी त्यांची माणसं गावोगाव हिंडून बायकांना पाट्याला टाकी लावून द्यायची. पाटा गुळगुळीत झाला की मसाला वाटला जात नाही, म्हणून पुन्हा टोचायचा. वडार समाजात कामावरून पोटनावं पडली आहेत. मातीकाम करणारे मातीवडार, गाड्यावरून दगड वाहणारे गाडीवडार, जाती-पाटे घडवणारे जातेवडार किंवा पाथरवट. शेलूबाजारच काय, वऱ्हाडातलं कुठलंही दगडी जोतं, कुठलीही बांधीव विहीर, कुठलाही जुना पूल यांच्या हातांशिवाय झालेला नाही, आणि यांपैकी कशावरही यांचं नाव नाही.

मी त्यांना दोन पाटे दाखवून विचारलं, यात फरक काय? त्यांनी दोन्हीवर वरवंटा आपटला. एक टणकन वाजला. दुसऱ्यावर बारीक पांढरे ठिपके होते, तो जरा दबका वाजला. "हा पोटाचा, हा पाठीचा," त्या म्हणाल्या. "पाठीचा स्वस्त. त्याले खिडे पडते."

मी भिंग खिशात ठेवलं. लाव्ह्याचा प्रवाह वाहतो तेव्हा त्यातला वायू वर चढतो, त्यामुळे प्रवाहाच्या वरच्या भागात बुडबुडे अडकतात. पुढे त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली खनिजं साचून पांढरे ठिपके होतात, कधी गारगोट्या, कधी सुयांसारखे स्फटिक. मधला भाग सावकाश निवतो, तो घट्ट आणि एकजीव होतो. पुस्तकात याला दोन पानं लागली होती. पोट आणि पाठ.

आम्ही पुढे गल्लोगल्ली फिरलो. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या घरांचं जोतं सरसकट पोटाच्या दगडाचं. त्यावरची भिंत मात्र पांढऱ्या मातीची. नंतरच्या काळातल्या घरांना खांडक्यांच्या भिंती, सिमेंटच्या दर्जा फुगवून रंगवलेल्या; तेव्हा सिमेंट दिसणं ही श्रीमंती होती. त्यानंतर वीट, आणि जोतंही काँक्रीटचं. अगदी नव्या घरांच्या पायऱ्यांना चकचकीत ग्रॅनाइट, ज्याचा खडक आमच्याकडे जमिनीच्या वर कुठेही नाही. म्हणजे फोर्टसारखंच झालं. आमच्या गल्लीतही खडक लांबून चालत आलेले आहेत, फक्त राजाबाई टॉवरऐवजी न्हाणीघरात बसलेत. कारंज्याला जुन्या तटाच्या वेशी आहेत. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस आणि मंगरूळ वेस. लहानपणापासून त्यांच्याखालून शंभरदा गेलो असेन. परवा पहिल्यांदा थांबून बघितलं तर तिथेही पोट खाली, कमानीच्या भरावात पाठ.

शेवटी आमच्या घरापाशी आलो. जोतं उघडं पडलं होतं. ट्रॅक्टरवाला खडूने खुणा करत होता. आणि इथे माझ्या आजीने, जी तोवर खाटेवर बसून आम्हाला बघत होती, विचारलं, "वावरातल्या हिरीवर नेलं का यांना?"

मी म्हणालो, विहीर कशाला? इथले दगड कुठल्या खदानीतले ते शोधतोय.

"खदान कोठची? हिरीतले तं आहेत."

मला खरंच माहीत नव्हतं. बाबांनाही अर्धवटच माहीत होतं. पणजोबांनी विहीर खणायला घेतली तेव्हा घर नव्हतं, कुडाची झोपडी होती. वडारांची टोळी दोन उन्हाळे शेतात राहिली. बायका टोपल्या वाहायच्या, पुरुष पहारीने भोक पाडून सुरुंग भरायचे. जो दगड निघेल तो आधी विहिरीच्या वरच्या अंगाला बांधायचा आणि उरेल तो घराला, असा सौदा होता. पाणी लागलं नसतं तर घरही झालं नसतं, कारण मग मजुरी द्यायला काही उरलं नसतं. आजी तेव्हा या घरात आलेली नव्हती, पण सासूकडून तिने एवढ्यांदा ऐकलेलं की तारखेसह सांगते. काळा गोटा किती दिवस फुटला नाही, एका सुरुंगाने कोणाची बोटं गेली, आणि शेवटी "तांबडं फोडलं अन् पाणी आलं."

आम्ही अकराच्या अकरा जण वावरात गेलो. विहीर १८ फूट रुंद, दोरी सोडून मोजली तर ४५ फूट खोल. मोटेची धाव अजून ओळखू येते. वरचे १७ फूट माती आणि मुरूम, म्हणून तेवढं बांधून काढलेलं. त्याखाली कातळ, सुरुंगांच्या उभ्या खोबणी अजून दिसतात. कातळाच्या माथ्याशी पांढरे ठिपके, मग खाली साफ काळं पोट. आणि साधारण ४० फुटांवर हातभर जाडीचा विटकरी पट्टा. हेच आजीचं तांबडं. भूशास्त्रात त्याला 'रेड बोल' म्हणतात. एक प्रवाह निवल्यावर त्याच्या माथ्याची माती झाली होती आणि पुढच्या प्रवाहाने ती भाजून काढली. त्याच्या खाली जुन्या प्रवाहाची बुडबुड्यांची पाठ, आणि पाणी राहतं ते त्या पाठीतल्या फटींमध्ये. वडारांनी एक अख्खा प्रवाह आरपार फोडून त्याच्या आधीच्या जमिनीला हात लावला होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची जमीन. किती वर्षं ती उघडी होती, तिच्यावर काय उगवलं होतं, कोणाला माहीत. टाकळीला हिस्लॉपला जे तळं सापडलं, तसं काही आमच्या विहिरीत दिसलं नाही. मी तरी बराच वेळ वाकून शोधलं. सर पाठीमागून माझा शर्ट धरून उभे होते.

विहिरीच्या काठावर बसून मोबाइलवर हिशेब केला, राहवलं नाही. १७ फुटांपासून ४० फुटांपर्यंत निव्वळ कातळ २३ फूट; १८ फूट व्यासाला साधारण ५,८०० घनफूट. विहिरीच्या बांधकामात दीड फूट जाडीने गेले अंदाजे १,५६० घनफूट. घर ४५ बाय ३०, जोत्याची भिंत अडीच फूट जाड, तीन फूट वर आणि तीन फूट जमिनीत. ते झाले २,२५० घनफूट. एकूण ३,८१०. म्हणजे फोडलेल्या दगडापैकी दोन तृतीयांश हिशेबात आला. बाकीच्याची सुरुंगाने कपची झाली असणार, ती धुऱ्यावर अजून पडलेली आहे. सत्तर वर्षांनी इतका ताळमेळ बसणारं ऑडिट मी ऑफिसात कधी पाहिलेलं नाही.

'कुठला काळा?' या प्रश्नाला आता उत्तर होतं. गट नंबरसकट.

परतीच्या वाटेवर समृद्धीवरचा पूल लागतो. खाली महामार्गासाठी टेकडी कापलेली आहे, दोन्ही बाजूंना ताजे, स्वच्छ काप. त्यात सगळं होतं. पाठ, पोट, मधे तांबड्याची रेघ, पुन्हा पाठ. विहिरीत दोरी सोडून, वाकून जे तुकड्यातुकड्याने बघितलं ते इथे लांबच्या लांब उलगडून ठेवलेलं. साइक्सला, माल्कमसनला, हिस्लॉपला असा काप मिळाला असता तर त्यांनी तिथेच तंबू ठोकला असता. आपल्याला मात्र तिथे थांबायला बंदी आहे, पायी जायला तर आहेच. आणि वेगाच्या रस्त्यावर ती असणं योग्यच आहे. ७०१ किलोमीटरचा महामार्ग, दख्खनच्या पाठीवरून घातलेला. बऱ्याच कापांवर पाणी मुरून दगड सुटू नयेत म्हणून सिमेंट फवारतात. दहा वर्षांत गवत चढेल. केंद्र सरकारने २०२२ मध्ये भूवारसा स्थळांच्या जतनाच्या कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. त्यात लोणारसारख्यांचा विचार आहे, आमच्या कापाचा असायचं कारण नाही. मला एवढंच वाटतं की खोदकाम चालू असताना आजूबाजूच्या शाळांतली पोरं आठवड्यातून एकदा, हेल्मेट घालून, त्या कापाशी उभी करता आली असती. सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हा शाळेतले आम्ही सगळे मोबदल्याच्या गोष्टी करत होतो."

ट्रॅक्टरवाल्याने सगळा दिवस आमच्याबरोबर घालवला होता. संध्याकाळी त्याने बाबांना सांगितलं की पोटाचे गोटे क्रशरला देऊ नका, एका देवळाच्या आवाराचं काम निघालंय, तिथे जास्त भाव मिळेल. 'पोटाचे' हा शब्द त्याने सकाळीच उचलला होता. बाबांनी दगड तिकडे दिले. ते विकायचेच होते. नव्या घराची सळई त्यातून आली.

उंबऱ्याखालची पायरी तेवढी मी ठेवून घेतली. साडेतीन फूट लांब, मधे पावलांनी झिजलेली. चौघांनी ती उलटी केली तेव्हा खालच्या बाजूला बुडबुडेच बुडबुडे होते. म्हणजे विहिरीत जी बाजू वर होती ती पाथरवटाने खाली घातली होती, पायाला गुळगुळीत लागावं म्हणून. आता ती पायरी नव्या घराच्या मागे, नळाजवळ आहे. आईने ती खरखरीत बाजू वर करूनच ठेवायला सांगितली. गोधड्या घासायला ती बरी पडते.